सत्तर सेकंदांचा थेंब

"हे बटन एक सूत खाली लागलं," मुरलीधर खानझोडे आरशासमोर उभे राहून म्हणाले.

हेमलताबाईंनी दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, सुई रिळात खोचली आणि नवऱ्याकडे बघितलं. सकाळपासून त्यांनी तीन गोष्टी ऐकून घेतल्या होत्या. चहात पाणी जास्त होतं, अंगणातली रांगोळी डावीकडे झुकली होती आणि लेकीच्या, बेबीच्या, दोन वेण्यांची लांबी सारखी नव्हती. बटन चौथं.

"अठरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या कामाले नावंच ठेवून राहिले तुम्ही. आपल्या हातानं कधी एक पाट तरी बनवला का?"

मुरलीधररावांनी बटन काढून पुन्हा लावून बघितलं. कारखान्यात ते एक्झामिनर होते, म्हणजे बनवणारे दुसरे आणि बघणारे हे. लष्कराच्या ट्रकमागे जोडायच्या पाण्याच्या टाक्या त्यांच्यापुढे यायच्या. टाकी काठोकाठ भरायची, पाव तास तिच्याभोवती फिरायचं आणि सांध्यावर जरा ओल दिसली की लाल रंगाची फुली मारायची. एकाहत्तर सालचा नोव्हेंबर चालू होता, लढाई आज पेटते की उद्या असं झालं होतं आणि कारखाना बारा-बारा तासांच्या पाळीवर धावत होता. पण मुरलीधररावांच्या फुल्या काही कमी झाल्या नव्हत्या. कोणी कुरकुर केली की ते म्हणत, "एक थेंब म्हणजे एक जवान तहानलेला." हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा गुणवंत बावणेनं ऐकलं होतं. तो वेल्डर होता, अकरा वर्षं टाक्या जोडत होता, आणि दैवाचा खेळ असा की कारखान्याच्या रांझीतल्या क्वार्टरमध्ये तो मुरलीधररावांच्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

"मी टाकी बनवीन," मुरलीधरराव एकदम म्हणाले. "काचेची. माशांची. बेबीले मासे पाहिजेतच."

बेबी दहा वर्षांची होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या खोलीत तिनं काचेच्या पेटीत मासे पाहिले होते आणि तेव्हापासून तिला अधूनमधून पोटात दुखत असे. ती पाटीवरून उठून धावत आली. "सच्ची, बाबा?"

"अन् गळली तर?" हेमलताबाईंनी विचारलं.

"माझी टाकी? गळणार?"

"गळली तर आजपासून या घरात कशालेच नावं ठेवायची नाहीत. ना चहाले, ना पोळीले. नाही गळली, तर मी मरेपर्यंत ऐकून घेईन. बोला."

"मंजूर," मुरलीधरराव म्हणाले. हे सगळं पलीकडच्या अंगणात सायकलला तेल घालणाऱ्या गुणवंतानं ऐकलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते कारखान्यातल्या अर्ध्या शॉपला कळलं होतं.

मग घरात मोजमापं सुरू झाली. मुरलीधररावांनी कागदावर तीन बाजूंनी नकाशा काढला आणि चौथ्या कागदावर फक्त कोपरा. लोखंडी अँगलची चौकट गोहलपुरातल्या एका दुकानातून जोडून आणली. ती जोडणाऱ्याला त्यांनी तीन वेळा परत पाठवलं आणि चौथ्या वेळी त्यानं हात जोडले. काचा कापून आणल्या. पण काच आणि लोखंड यांच्यामध्ये भरायची पुटी त्यांनी स्वतः मळली. जवसाचं तेल आणि खडूची भुकटी परातीत घेऊन रविवारची अख्खी सकाळ ते मळत बसले. हेमलताबाई दारातून बघत होत्या. परात त्यांची होती, तरी त्या काही बोलल्या नाहीत.

पुटी भरून आठ दिवस वाळवली. मग व्हरांड्यात टाकी काठोकाठ भरून मुरलीधररावांनी सबंध रविवार तिच्याजवळ खुर्ची टाकली. ओल नाही, थेंब नाही. संध्याकाळी त्यांनी क्वार्टरांच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "पास!" म्हटलं. गुणवंत आपल्या दारातून म्हणाला, "बधाई हो, साहेब." त्याच्या आवाजात आनंद फारसा नव्हता.

मासे सदरमध्ये, लष्करी छावणीच्या भागात, मिळाले. तिथल्या एका कॅप्टनची पलटण सीमेवर निघाली होती, बायको माहेरी जाणार होती, आणि मासे कोणीतरी चांगल्या घरी न्यावेत एवढंच तिचं म्हणणं होतं. दोन सोनेरी, एक काळा आणि एक पांढुरका, असे चार मासे तुपाच्या डब्यात घालून डबा बेबीच्या मांडीवर दिला आणि बेबीला सायकलच्या कॅरियरवर बसवलं. पाणी हिंदकळू नये म्हणून मुरलीधरराव सदरपासून रांझीपर्यंत सायकल हातात धरून चालत आले. वाटेत दोन ओळखीच्यांनी सायकल पंक्चर झाली का म्हणून विचारलं आणि पंपही देऊ केला.

इथपर्यंत सगळं नियमात होतं. पण आता व्हरांड्यातली टाकी आत आणायची होती, म्हणून ती रिकामी करून मुरलीधररावांनी आणि गुणवंतानं दोन बाजूंनी उचलली. उंबरठ्यापाशी ती जराशी वाकडी झाली. जराशीच, म्हणजे बघणाऱ्याला कळलंही नसतं. मुरलीधररावांना कळलं, पण त्यांनी स्वतःला सांगितलं की काही झालेलं नाही. असं त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं.

टाकी समोरच्या खोलीत मेजावर बसली. खाली वाळू, वर पाणी आणि मधे मासे. रांगेतली माणसं बघायला आली, गुणवंताची बायको विनता आली, सगळ्यांना चिवडा आणि चहा मिळाला. "बाप्पा, काय सुंदर दिसते हो!" विनता म्हणाली, आणि हेमलताबाईंच्याही चेहऱ्यावर नवऱ्याबद्दल काहीतरी चांगलं दिसायला लागलं. मुरलीधरराव ते बघून सुखावले आणि समाधानानं मेजावर हात फिरवला. हात ओला झाला.

पाहुणे गेल्यावर त्यांनी वाकून बघितलं. मागच्या कोपऱ्यात, खालच्या सांध्याला, एक थेंब लोंबत होता. तो मोठा झाला, हलला आणि पडला. मुरलीधररावांनी घड्याळ काढलं. पुढचा थेंब बरोबर सत्तर सेकंदांनी पडला, त्याच्या पुढचाही. एवढा नियमित दोष त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

माणसानं अशा वेळी काय करावं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण दुसऱ्यांना ते रोज तेच सांगत. त्यांनी ते केलं नाही. ट्रंकेतून मोठा मेजपोश काढला, तो जमिनीपर्यंत लोंबेल असा टाकीखाली घातला आणि मेजामागे थेंबाखाली पितळी कटोरा ठेवला. कटोरा पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा ओतावा लागे. "माशांचं थोडं थोडं पाणी बदलावं लागते," त्यांनी घरात सांगितलं. नवरा पहाटे उठून बिनतक्रार काम करतो आहे हे बघून हेमलताबाईंनी त्यांना दोन दिवस आल्याचा चहा दिला. तो चहा मुरलीधररावांनी मान खाली घालून प्याला. आवाजाची मात्र भीती नव्हती. दिवसभर रेडिओ, स्टोव्ह आणि लांबून कारखान्याची घरघर, त्यात एका थेंबाला कोण विचारतो?

तिसऱ्या दिवशी अंबादास आला. अंबादास रेल्वेत पार्सल क्लार्क होता, पण सध्या तो नागरी संरक्षणाचा वॉर्डन होता आणि गळ्यातली शिट्टी आंघोळीपुरतीच काढत होता.

"चलो, खानझोडेजी, खुशखबर," तो म्हणाला. "आज साडेसात वाजता ब्लॅकआउटची प्रॅक्टिस आहे. मी सगळ्या रांगेच्या खिडक्या पाहिल्या. कोणाची फट दिसते, कोणाचा कागद फाटला. एक तुमचीच खोली अशी आहे की सुईएवढा उजेड बाहेर येत नाही. म्हणून सगळ्यांनी तुमच्याच खोलीत बसायचं."

खिडक्यांना काळा कागद मुरलीधररावांनीच पट्टी लावून चिकटवला होता, दुहेरी, कोपऱ्यात तिहेरी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या टापटिपीचा राग आला. "आमच्याकडे जागा कमी आहे," ते म्हणाले.

"मासे आहेत तिथं माणसं मावत नाहीत का?" अंबादासनं विचारलं आणि तो पुढच्या दारी गेला.

साडेसातला भोंगा वाजला. रांगेतली दहा-बारा माणसं येऊन सतरंजीवर बसली होती. अंबादासनं दिवा मालवला, रेडिओ बंद केला, हेमलताबाईंचा स्टोव्ह विझवला. भोंगा थांबला. मग कारखान्याची घरघरही थांबली, जी महिनोन् महिने कोणी थांबलेली ऐकली नव्हती. "कोणीही बोलायचं नाही," अंबादास दारात उभा राहून कुजबुजला. "अर्धा तास. अगदी पिनड्रॉप सायलेन्स."

मुरलीधरराव टाकीच्या मेजाला टेकून बसले होते आणि मनात मोजत होते. सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. ते जोरात खोकले. त्या खोकल्यात थेंब पडून गेला.

सत्तर सेकंदांनी ते पुन्हा खोकले, आणि पुन्हा. पाचव्या खोकल्याला विनता अंधारात म्हणाली, "भाऊजी, तुमचा खोकला घड्याळ लावून येऊन राहिला का?"

"शूऽऽ!" अंबादास म्हणाला.

"अहो, पण बिचारे हैराण झाले न." विनता प्रेमळ बाई होती. तिच्या कनवटीला लवंगा असत. तिनं अंधारात चाचपत मुरलीधररावांचा चेहरा शोधला आणि एक लवंग त्यांच्या तोंडात सारली. "चावा, अन् तोंड मिटून ठेवा." लवंग तिखट होती. ती गिळावी की थुंकावी या घोळात मुरलीधररावांची मोजणी चुकली.

टप्.

खोलीतला प्रत्येक माणूस जरासा हलला.

"नळ कोणाचा चालू राहिला?" अंबादासनं विचारलं.

"नळ तर बाहेर आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "अन् पाणी सहालेच गेलं."

सगळे कान देऊन बसले. बराच वेळ काही झालं नाही आणि मग पुन्हा, टप्. तेवढ्याच वेळानं आणखी एकदा. कोणी म्हणालं पाल पडली. कोणी म्हणालं एवढ्या पाली नसतात. तेवढ्यात कोपऱ्यातून गुणवंताचा आवाज आला. तो हळू आणि विचार करून बोलत होता. "सत्तर सेकंद. बरोब्बर सत्तर. मी दोनदा मोजले."

हे ऐकून अंबादासचा श्वास वर गेला. गेल्याच आठवड्यात वॉर्डनांच्या मीटिंगमध्ये त्याला घातपाताविषयी दीड तास सांगण्यात आलं होतं. "ठरावीक वेळानं आवाज?" तो म्हणाला. "कारखान्याची कॉलनी... अंधार... सगळे एकाच खोलीत... अरे देवा! हे टायमरचं काम आहे! टाइम बॉम्ब! कोणी हलू नका! नाही, नाही, सगळे बाहेर पळा! मी शिट्टी मारतो. शिट्टी ऐकली की चौकीवरून मोटर येते, मिलिटरीची!"

विनता रडायला लागली. कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी हातावर पडला. बेबी ओरडली, "बाबा, मछलियाँ कौन उठाएगा?" अंबादासनं शिट्टी ओठांत धरलेली अंधारातही कळली, कारण त्याच्या दातांवर ती कडकड वाजत होती.

मुरलीधररावांना एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. शिट्टी, मोटर, जवान, बॅटऱ्यांचा उजेड, आणि त्या उजेडात त्यांचा कटोरा. पण त्याहून जास्त त्यांना टोचत होतं ते बेबीचं रडवेलं बोलणं आणि विनताचं रडणं. माणसं भीतीनं धडपडत होती, आणि कशासाठी, तर खानझोड्यांची टाकी गळत नाही म्हणून! त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"अंबादासजी, शिट्टी खाली ठेवा," ते मोठ्यानं म्हणाले. "बॉम्ब नाही तो. ती माझी टाकी आहे. गळून राहिली. तीन दिवसांपासून."

अंबादासला हवी होती त्याहूनही जास्त शांतता झाली. आणि त्या शांततेत, अगदी वेळेवर, टप्.

पुढची वीस मिनिटं सगळे थेंब मोजत बसले. एक-दोन जणांचे खांदे हलत होते, पण ते अंधारात गेलं. सुटकेचा भोंगा वाजला आणि दिवा लागला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा आधी मेजपोशावर गेल्या, मग हेमलताबाईंवर, आणि शेवटी गुणवंतावर.

मुरलीधरराव उठून उभे राहिले. "मीच रिजेक्ट करतो," ते म्हणाले. "बेबी, लाल खडू आण."

"थांबा," गुणवंत म्हणाला. "असं कसं करता येईल, साहेब? ज्यानं बनवलं त्यानंच तपासायचं नाही, हा तुमचाच नियम आहे न? तुम्ही बनवली. तपासणार मी."

त्याला कोणी नाही म्हणू शकलं नाही. गुणवंतानं बाह्या सारल्या आणि मेजपोश वर केला. कटोरा बघितला, मेजाखाली आडवा झाला, चौकटीच्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं, कोपऱ्यातली पुटी अंगठ्यानं दाबली आणि हेमलताबाईंकडून घड्याळ मागून तीन थेंब मोजले. हेमलताबाईंनी देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी आणून त्याच्याजवळ ठेवली, कारण लाल खडू सापडला नव्हता. अकरा वर्षांच्या फुल्या त्याच्या मागं उभ्या होत्या. सगळ्या रांगेला वाटलं की आज हा माणूस डबीतलं सगळं कुंकू संपवतो.

"पास," गुणवंत म्हणाला.

"काय?" मुरलीधरराव ओरडले.

"कन्सेशनवर पास. लढाईचा टाइम आहे. बारीकसारीक खोट असली तर सही करून माल सोडता येते, असा वरून कागद आला आहे. तुम्ही कधी कोणाले दिलं नाही, ते सोडा. इथं कोणता जवान तहानलेला राहून राहिला? चार मासे आहेत, त्याइच्या डोक्यावरून अजून वीतभर पाणी आहे. पास."

"छे, छे, छे!" मुरलीधररावांचा चेहरा लाल झाला. "असं कसं पास? थेंब समोर दिसून राहिला! तू तीनच थेंब मोजले, पाव तास काहून नाही पाहिला? अन् कन्सेशन सांध्याच्या गळतीले नाहीच, ते रंगाच्या डागाले असते. कागद वाचला का तू पूर्ण? याले तपासणी म्हणते का कोणी?"

"अहो," हेमलताबाई मधे पडल्या. "जरा ऐका. गुणवंतभाऊ पास म्हणून राहिले न, मग तुम्ही जिंकले. मी मरेपर्यंत ऐकून घेणार, असं ठरलं होतं. कळून राहिलं का तुम्हाले? गप्प बसा, जिंकलेच तुम्ही!"

मुरलीधरराव थबकले. त्यांना ते खरोखरच कळलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग गुणवंताकडे. गुणवंत दुसरीकडे बघत होता. पास म्हणजे पुढची सगळी वर्षं चहा, पोळ्या, वेण्या, बटनं, सगळं पूर्वीसारखं. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. खोलीतले सगळे वाट बघत होते. टप्.

"ती टाकी गळते," मुरलीधरराव म्हणाले. त्यांनी कुंकवाची डबी गुणवंताकडे सरकवली. "उंबरठ्यावर वाकली तेव्हाच मले कळलं होतं, अन् मी तशीच पुढं ढकलली. ते गळतीपेक्षा वाईट. मार फुली, गुणवंता."

"पाहा, साहेब. मग घरात तोंड बंद."

"मार."

गुणवंतानं चिमूटभर कुंकू ओल्या बोटावर घेतलं आणि चौकटीच्या कोपऱ्यावर, कोणाला सहज दिसणार नाही अशा जागी, लहानशी फुली मारली. या फुलीची त्यानं कितीतरी वेळा मनात मजा घेतली होती. आता मारताना त्याला काही मजा आली नाही. "उद्या संध्याकाळी ताजी पुटी मळून ठेवा," तो चप्पल घालताना म्हणाला. "मी येतो. दोघं मिळून भरू." विनतानं जाताना आणखी दोन लवंगा मेजावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुरलीधरराव जेवायला बसले. ताटात वांग्याची भाजी होती, पोळी होती, वरण होतं. त्यांनी पहिला घास घेतला. क्षणभर त्यांचा जबडा थांबला, मग पुन्हा चालायला लागला. दुसरा घासही तसाच गेला. हेमलताबाई पोळ्या लाटता लाटता त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. चौथ्या घासाला त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"काहून गप्प आहात?"

"ठरलं आहे न," मुरलीधरराव म्हणाले.

"मी आपण होऊन विचारून राहिले. विचारल्यावर सांगितलं तर चालते. कशी झाली भाजी?"

"मीठ नाही."

"कमी आहे?"

"नाही. नाहीच आहे."

हेमलताबाईंनी कढईतली भाजी बोटानं चाखून बघितली. "खरंच की," त्या म्हणाल्या आणि मिठाची बरणी आणायला आत गेल्या. मीठ घालायचं त्या खरोखर विसरल्या होत्या का, हे त्यांनी पुढं कधी कोणाला सांगितलं नाही. आतूनच त्यांचा आवाज आला, "अन् आणखी काही असेल तर तेही सांगून टाका. आजच्यापुरतं."

मुरलीधररावांनी ताट जरासं बाजूला सारलं, मांडी नीट घातली आणि एकेक खोट बोटांवर मोजायला घेतली.